केसाळ आहे, बोटं काळी आहेत, म्हणजे वाईट?

तर झालं असं. एका सकाळी साडेनऊला मी लॅबच्या बसमध्ये असताना माझ्या मावसभावाचा, म्हणजे न्यू जर्सीच्या दादाचा, व्हिडिओ आला. तिकडे रात्रीचे अकरा. दादाच्या हॉलमध्ये रीफ टँक आहे. खाऱ्या पाण्याचं मोठं काचेचं टाकं, त्यात समुद्रातले सच्छिद्र दगड, त्या दगडांवर चिकटवलेली जिवंत प्रवाळं आणि इकडून तिकडे फिरणारे दोन क्लाऊनफिश. त्याने नुकतीच ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळाची एक मोठी वसाहत विकत आणली होती. ती बुंध्याकडून पांढरी पडत चालली होती. टॉर्चच्या उजेडात फांद्यांच्या बेचक्यात अंगठ्याच्या नखाएवढा एक खेकडा बसलेला दिसत होता. अंगावर लव, नांग्यांची बोटं काळीकुट्ट.

"हा खातोय का? काढू का?"

मी खेकड्यांवर पीएचडी करते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं व्हिडिओत नव्हती. तरीही मी बसमधल्या बसमध्ये टाइप केलं, "केसाळ आहे, बोटं काळी आहेत. काढून टाक दादा."

त्याने काढला. गोड्या पाण्यात बुडवून मारला आणि मी मागितला तर हाताशी असावा म्हणून झिपलॉकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला. वहिनी अजून त्याबद्दल बोलतात. पंधरा दिवसांनी त्याने वरून, खालून, समोरून असे नीट फोटो काढून पाठवले आणि मी ते बघत नुसती बसून राहिले. त्या खेकड्याबद्दल पुढे सांगतेच. आधी मी ज्या नियमांवर बोट ठेवून निकाल दिला, त्या नियमांबद्दल बोलू या. ते माझे नव्हते. रीफ टँक ठेवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारे ते नियम आहेत, आणि मला त्यांच्यावर टीका करायची आहे. टीका करताना मी त्यांच्याच बाजूला उभी होते, हे लक्षात ठेवा.

दगडांबरोबर आणि प्रवाळांबरोबर टाक्यात बिनतिकिटाचे प्रवासी येतात. दगडाच्या भोकांमध्ये अळ्या, गोगलगायी, कोळंब्या आणि खेकडे दडलेले असतात. काही दिवस उपाशी राहून ते एखाद्या रात्री बाहेर पडतात. मग प्रश्न येतो, हा ठेवायचा की मारायचा? त्यासाठी चार खुणा सांगितल्या जातात. अंगावर केस असले तर वाईट. नांगीची बोटं काळी असली तर वाईट. नांगी टोकदार असली तर वाईट, बोथट असली तर चालेल. डोळे लाल किंवा चमकणारे असले तर वाईट. केसाळ, काळ्या बोटांच्या खेकड्यांना एक सरसकट नावही आहे, 'गोरिला क्रॅब'. हे कुठल्याही एका जातीचं नाव नाही, हे एवढ्यावरूनच तुमच्या लक्षात आलं असेल.

ओळख पटवण्यासाठी आम्ही लॅबमध्ये जी किल्ली वापरतो, तीही अशीच खुणांची असते. दोन वाक्यांची जोडी असते. कवच रुंद की लांबट? पायांची शेवटची जोडी चपटी की टोकदार? एक वाक्य निवडायचं, ते सांगेल त्या पुढच्या जोडीकडे जायचं. फरक हा की आमच्या किल्लीच्या शेवटी नाव मिळतं आणि या चार खुणांच्या शेवटी निकाल मिळतो. मधलं नाव गाळून थेट निकालावर उडी मारली जाते. नाव म्हणजे काही नुसतं लॅटिन नसतं. हा प्राणी कुठे राहतो, काय खातो, कुणाबरोबर राहतो हे आजवर ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते सगळं त्या नावाला लटकलेलं असतं. नाव गाळलं की तेही गेलं.

आता काळी बोटं घ्या, कारण सगळ्यात जास्त वजन या खुणेला दिलं जातं. फ्लोरिडाच्या समुद्रात मेनिपी मर्सेनेरिया नावाचा खेकडा असतो, तिकडे त्याला स्टोन क्रॅब म्हणतात. (त्याची नांगी तोडून घेऊन खेकडा परत पाण्यात सोडायचा, अशी तिकडची मासेमारीची पद्धत आहे. नांगी पुन्हा उगवते.) त्याच्या नांगीची काळी बोटं आणि बाकीचं फिकट कवच यांची तुलना १९९६ मध्ये झाली होती. काळा भाग जास्त कठीण निघाला आणि जास्त चिवटही. कोयत्याच्या पात्याला पाणी देतात ना, तसंच समजा. म्हणजे काळं बोट सांगतं की हे हत्यार कठीण गोष्टीवर चालतं. ती कठीण गोष्ट कुठली, हे ते सांगत नाही. गोगलगायीचं कवच कठीण असतं, आणि ज्या खडकावरून शेवाळ खरवडायचं तो खडकही कठीण असतो.

मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जा आणि एक दगड उलटा. जो मळकट, रुंद कवचाचा खेकडा तुरुतुरु पळेल तो बहुतेक वेळा लेप्टोडियस एक्झॅराटस असतो. माझे निम्मे दिवस त्याच्या मागे जातात. त्याची बोटं काळपट असतात. पण ती भिंगाखाली धरा, टोकं चमच्यासारखी आतून खोलगट दिसतील. चमच्याने काय करतात? खरवडतात. प्रवाळांच्या तुकड्यांमध्ये हमखास सापडणाऱ्या क्लोरोडिएला नायग्राचंही तेच, नावातच काळेपणा आणि बोटांची टोकं चमच्याची. या दोघांना दादाच्या टाक्यात सोडलं असतं तर पहिल्याच रात्री फाशी झाली असती. उलट कॅरिबियन समुद्रातला हिरवा मिथ्रॅक्युलस स्कल्प्टस, म्हणजे 'एमराल्ड क्रॅब', लोक पैसे मोजून आणतात, कारण तो बुडबुड्यांसारखं दिसणारं व्हॅलोनिया शेवाळ खातो. त्याच्याही बोटांना तेच चमचे असतात. रंग हिरवा म्हणून तो पाहुणा, हे काळे म्हणून चोर. (आणि तो पाहुणा मोठा झाला, उपाशी राहिला, की प्रवाळाच्या तोंडातला घासही ओढतो. पण ते जाऊ द्या.)

केसांचं तर विचारूच नका. खेकड्याचे केस म्हणजे आपल्यासारखे केस नव्हेत. कवचातून आलेले ते बारीक ताठ तंतू असतात. कुणी त्यांनी स्पर्श ओळखतं, कुणी त्यात गाळ अडकवून दगडासारखं दिसतं. पोर्सेलिन खेकड्याच्या तोंडाजवळच्या अवयवांवर लांब केसांचे पंखे असतात, ते तो पाण्यात हलवून अन्नाचे कण गाळून घेतो. त्याच्याइतका निरुपद्रवी प्राणी टाक्यात दुसरा नसेल. केस बघून स्वभाव ठरवायचा म्हणजे मिशी बघून पगार सांगण्यासारखं आहे.

लाल डोळ्यांची खूण एरिफियासारख्या काही खेकड्यांना लागू पडते. ते खरोखर शंख-शिंपले फोडून खाणारे असतात. पण रात्री टॉर्च मारला की गरीब कोळंबीचे डोळेही निखाऱ्यासारखे दिसतात, तेव्हा ही खूण सोडून दिलेलीच बरी.

चारांत त्यातल्या त्यात बरी खूण नांगीच्या आकाराची. निदान ती खाण्याच्या हत्याराकडे तरी बघते. पण 'टोकदार' हा शब्द फार ढोबळ आहे. खरं बघायचं ते दोन ठिकाणी. एक, बोटांच्या टोकाला चमचा आहे का. दोन, नांग्या लहानमोठ्या आहेत का, आणि मोठ्या नांगीच्या हलणाऱ्या बोटाच्या मुळाशी दाढेसारखा गोल उंचवटा आहे का. तो असला तर ती नांगी अडकित्त्यासारखी चालते. स्टोन क्रॅबला तो असतो, बहुतेक वेळा उजव्या नांगीत. तुमच्या टाक्यातल्या गोगलगायी एकेक करून फुटक्या सापडत असतील तर बोटांच्या रंगाआधी ही दाढ शोधा.

चौकटीचं काम एवढ्यावर संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. नियम ढोबळ असले तरी दहांतून सात वेळा बरोबर येत असतील, तीन खेकडे फुकट मेले तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणू शकता. बिघडतं ते प्रवाळाचं. म्हणजे ज्याला वाचवायला हा सगळा खटाटोप चाललाय, त्याचंच.

ट्रॅपेझिया नावाचे गुळगुळीत, चकचकीत खेकडे पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहतात, बहुतेक वेळा नर-मादीच्या जोडीने. त्यांच्या नांग्या शरीराच्या मानाने मोठ्या, बोटं धारदार. चौकटीप्रमाणे संशयित. ते प्रवाळाचा चिकट स्राव खातात, त्यामुळे 'हा माझं प्रवाळ खातोय' अशी तक्रारही येते. आणि ती अगदीच खोटी नाही! पण बदल्यात काय मिळतं बघा. पीटर ग्लिन यांनी १९७६ मध्ये पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून लिहिलं की प्रवाळ खाणारा काटेरी मुकुटाचा तारामासा फांदीवर चढायला लागला की हे खेकडे त्याचे पाय चिमटतात, हिसडतात आणि त्याला परतवून लावतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटाजवळ हॅना स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी काही प्रवाळांतले खेकडे काढून घेतले, काहींतले राहू दिले आणि सगळी प्रवाळं समुद्रात लावली. त्यांचा निबंध २००६ मध्ये आला. खेकडे असलेली प्रवाळं जगली. खेकडे काढलेल्यांपैकी बरीचशी महिन्याच्या आत मेली. कारण साधं होतं. वरून सतत पडणारा गाळ झाडायला कुणी नव्हतं. भाडं न देणारा भाडेकरू म्हणून ज्याला हाकलला, तोच रोज अंगण झाडत होता.

आता दादाचा खेकडा.

कवच जवळजवळ गोल, त्यावर बारीक दाणे आणि लव. नांग्या लहानमोठ्या, त्यांवरही दाणे. बोटं काळी. हा सायमो होता. ॲक्रोपोरात राहणाऱ्या या प्रजातीत एका जातीची बोटं फिकट असतात, ती सायमो अँड्रिओसी. दुसरीची काळी, ती सायमो मेलॅनोडॅक्टिलस. मेलॅनोडॅक्टिलस म्हणजेच 'काळबोट्या'. ज्या खुणेवरून मी त्याला दोषी ठरवलं, ती खूण शास्त्राने त्याच्या सख्ख्या भावापासून त्याला वेगळं ओळखायला नावात घालून ठेवली होती. स्वभावाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आणि पुढचं जास्त बोचणारं आहे. पांढरी पडत चाललेल्या ॲक्रोपोरावर हे खेकडे गर्दी करतात, रोगाच्या कडेवर ओळीने बसतात. साहजिकच संशय त्यांच्यावर जातो. जोसेफ पोलॉक आणि सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरियर रीफवर हे तपासलं. 'व्हाइट सिंड्रोम' झालेल्या प्रवाळांवरून त्यांनी खेकडे काढून टाकले आणि रोगाची कड किती वेगाने पुढे सरकते ते मोजलं. २०१३ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की खेकडे नसताना रोग जास्त वेगाने पसरला. आग लागलेल्या घराजवळ जे बादल्या घेऊन उभे होते, त्यांनाच आपण आग लावणारे समजत होतो.

दादाचं प्रवाळ पुढे तीन आठवड्यांत गेलं. तो खेकडा जगला असता तर ते वाचलं असतं असं मी म्हणत नाहीये. टाक्यात प्रवाळ मरायला शंभर कारणं असतात, आणि एका खेकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मी एवढंच म्हणतेय की मी पुरावा न बघता शिक्षा सांगितली. माझ्या पुतणीने, ती सहा वर्षांची आहे, त्या खेकड्याचं नाव बंडू ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं.

पुराव्याचाच मुद्दा आहे, म्हणून आणखी एक. टाकं ठेवणाऱ्यांकडे खेकड्यांच्या ज्या गोष्टी असतात, त्यातल्या बहुतेक 'प्रेताजवळ सापडला' या प्रकारच्या असतात. सकाळी मासा मेलेला दिसला, त्यावर खेकडा बसलेला दिसला, म्हणजे खेकड्याने मारला. पण खेकडे हे मेलेलं खाणारेच प्राणी. मासा कशानेही मेला तरी खेकडा तिथे येणारच. आणि जो खेकडा दगडाआड गप्प शेवाळ खरवडत वर्षभर राहिला, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही. अशा गोष्टी गोळा करून नियम केले तर ते खेकड्यांविरुद्धच जाणार.

हे सगळं वाचून वाटेल की वर्गीकरणवाले शहाणे आणि छंदवाले अडाणी. तसं अजिबात नाही, आणि इथे आम्हालाही दोन शब्द सुनवायला हवेत. आमच्या किल्ल्या पूर्ण वाढलेल्या प्राण्यांसाठी लिहिलेल्या असतात. कित्येक जाती पक्क्या ओळखायला आम्ही नराच्या पोटाखालच्या अवयवाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. टाक्यात येतो तो जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचा पिल्लू खेकडा, तोही दगडाआडून अर्धा दिसणारा. आमचे नमुने दारूत ठेवलेले असतात, त्यांचे रंग उडून गेलेले असतात. दादासारखी माणसं रात्र रात्र जागून जिवंत खेकडा काय करतो ते बघतात, तसं आमच्यापैकी फार थोड्यांनी बघितलंय. शिवाय आम्ही नावंही बदलत असतो. 'झँथिड म्हणजे वाईट' असं छंदवाले म्हणतात, पण स्टोन क्रॅब, केसाळ पिलम्नस आणि आपला पहारेकरी ट्रॅपेझिया हे सगळे एकेकाळी झँथिडी याच कुळाच्या गाठोड्यात होते. आता तिघांची कुळं वेगळी आहेत. गाठोडं सुटलं तरी त्यात पाचशेहून जास्त जाती उरल्याच. त्यात लिबियाही आहे, दोन नांग्यांत दोन समुद्रफुलं धरून बॉक्सरसारखा उभा राहणारा 'पॉम-पॉम क्रॅब', जो लोक हौसेने विकत घेतात. तो झँथिड आहे हे दुकानात कुणी सांगत नाही.

मुख्य म्हणजे, हातात चिमटा घेऊन रात्री अकराला उभ्या असलेल्या माणसाला आम्ही काय सांगतो? "एवढ्यावरून सांगता येणार नाही." उत्तर बरोबर आहे आणि त्याच्या काही कामाचं नाही. ती रिकामी जागा आम्ही ठेवली, म्हणून तिथे ही चौकट येऊन बसली.

मग मी दादाला आता काय सांगते? पहिल्यांदा पाय मोज. नांग्या सोडून चालणाऱ्या पायांच्या चार जोड्या स्पष्ट दिसल्या तर खरा खेकडा. तीनच दिसल्या आणि मिशा लांबलचक असल्या तर पोर्सेलिन, सोडून दे. मग शेवटचा पाय बघ. त्याचं टोक वल्ह्यासारखं चपटं असलं तर तो पोहणारा, शिकारी खेकडा. आपल्या बाजारातल्या तीन ठिपक्यांच्या खेकड्याचा शेवटचा पाय आठव, आईने साफ करताना शंभरदा बघितलायस. असा टाक्यात नकोच. मग तो बसतो कुठे ते बघ. दगडाच्या भोकात की जिवंत प्रवाळाच्या फांद्यांत? फांद्यांत, त्यातही जोडीने राहत असेल तर तो तिथला रहिवासी आहे, त्याला हात लावू नकोस. फ्लोरिडाच्या दगडातून आलेला गडद जांभळट-निळा, नांगीच्या मनगटावर पांढरा ठिपका असलेला पिल्लू दिसला तर तो स्टोन क्रॅबचं बाळ असण्याची शक्यता खूप. तो मोठा होतो, त्याला वेगळं घर दे. ज्याचं काहीच कळत नाही त्यालाही मारायच्या आधी वेगळ्या डब्यात दगड आणि शेवाळ देऊन ठेव आणि काय खातो ते बघ. पकडायला काचेच्या ग्लासात कोळंबीचा तुकडा टाकून तो रात्री तिरका टेकवून ठेवायचा. खेकडा आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही. आणि काहीही झालं तरी समुद्रात नेऊन सोडायचा नाही. कुठल्या तरी दुसऱ्या महासागरातून आलेला प्राणी तो.

फोटोपेक्षा चांगला पुरावा खेकडा स्वतःच देतो, तो म्हणजे कात. एका सकाळी टाक्यात मेलेला खेकडा दिसतो, लोक हळहळतात किंवा सुटलो म्हणतात आणि फेकून देतात. बहुतेक वेळा ती नुसती कात असते, आतून पोकळ, पाठीमागून झाकणासारखी उघडलेली. तिच्यात बोटांची टोकं, दाढ, तोंडाचे अवयव सगळं असतं. तीच काडेपेटीत ठेवा. मला अख्ख्या व्हिडिओपेक्षा त्या पोकळ कवचातून जास्त कळतं, आणि खेकडा जिवंत राहतो.

(भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. हे वाचून मालवणच्या समुद्रातून एखादी फांदी घरी आणायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.)

परवा दादाचा पुन्हा फोटो आला. नवा खेकडा, तपकिरी, केसाळ, दगडाच्या भोकात. शेवटचा पाय टोकदार आहे, मिशा आखूड आहेत. बोटांची टोकं दिसत नाहीयेत. मी लिहिलं, कात टाकेपर्यंत थांबू या. त्याने काडेपेटीचा फोटो पाठवला, रिकामी, वर वेड्यावाकड्या अक्षरात 'बंडू २' लिहिलेलं.